अग्र नसलेलं पान

म्हसळ्याच्या बाजारात माझं दुचाकीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. काउंटरच्या मागे, गिऱ्हाइकाच्या नजरेला पडेल अशा उंचीवर, सायलेन्सरला लावायच्या जाळ्या टांगलेल्या आहेत. घरात वयस्कर माणसं असलेलं गिऱ्हाईक आलं की मी आवर्जून सांगतो, "दादा, ही जाळी लावाच. उतरताना पोटरी भाजते." बरेच जण ऐकतात. माझ्या स्वतःच्या गाडीला जाळी नव्हती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आमच्या घरात ही म्हण सध्या माझं टोपणनाव असल्यासारखी वापरली जाते.

ज्यांची पोटरी भाजली ते माझे वडील. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. ऐंशीच्या पुढचे आहेत, पण मागच्या सीटवर बसतात ते आजही ताठ. गावातल्या मारुतीच्या देवळापुढे मी गाडी उभी केली आणि ते उजव्या बाजूनं उतरले. सायलेन्सर उजव्या बाजूला असतो. मी ओरडेपर्यंत पाय टेकला होता.

"अण्णा, डावीकडून उतरायचं असतं!"

"देऊळ उजवीकडं हाय," ते म्हणाले. "डावीकडं उतरून गाडीला प्रदक्षिणा घालू?"

बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. घोट्याच्या वर, पोटरीच्या आतल्या अंगाला तळहाताएवढा चटका बसला होता.

पुढचे दोन दिवस घरगुती उपचारांचे. बायकोनं कोरफड लावली. शेजारणीनं टूथपेस्ट आणली. मी इंटरनेटवर वाचून मध सुचवला, तो लावल्यावर मुंग्या आल्या. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी जखमेकडे पाहण्याआधी माझ्याकडे पाहिलं. त्या आमच्याच तालुक्यातल्या, खाडीकाठच्या एका गावातल्या. वडील आणि भाऊ कुवेतला, या मात्र शिकून परत आल्या आणि म्हसळ्यातच दवाखाना काढला.

"जखमेवर सगळं किराणा सामान घातलंत," त्या म्हणाल्या. "मीठ-मसाला तेवढा राहिला."

साफसफाई झाली, औषध झालं, पट्टी झाली. इथवर सगळं सरळ होतं. पण अण्णांना साखर आहे, आणि वयामुळे कातडी पातळ झालेली, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी. जखम लवकर भरेना. त्यात पट्टी चिकटायची. जखमेतून पाझरणारा ओलावा पट्टीत सुकला की पट्टी आणि पाय एक होऊन जायचे. बदलताना डॉक्टरीणबाई सलाईनचं पाणी सोडून सोडून भिजवत, हलक्या हातानं उचलत, तरी शेवटचा कोपरा निघताना नवी आलेली कातडी पट्टीबरोबर निघून यायची. इतक्या दिवसांत शरीरानं जे बांधकाम केलं, ते एका ओढीत खाली. मेणाची पट्टीही लावून झाली. ती थोडी कमी चिकटायची, इतकंच.

अण्णा ओरडत नसत. ते माझं मनगट धरत. ज्यानं जन्मभर नांगर धरला त्या माणसानं मनगट धरलं म्हणजे काय होतं ते सांगत नाही. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर मला गाडीची किकसुद्धा मारता येत नसे, आणि किक तर पायानं मारतात.

एके दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, अजून थोडे दिवस वाट बघू. नाहीच भरली तर पनवेलला पाठवावं लागेल. मांडीची पातळ कातडी काढून इथे लावतात."

"म्हंजे एक जखम भरंना, म्हणून दुसरी करायची?" अण्णा म्हणाले. "ह्यो कुठला न्याय?"

त्या हसल्या, पण त्यांनी म्हणणं मागे घेतलं नाही. घरी आल्यावर अण्णा जेवले नाहीत. पनवेलला त्यांचा थोरला भाऊ ऑपरेशनला गेला होता आणि परत आला तो शववाहिकेतून. त्यात पनवेलचा काही दोष नव्हता, त्याचं दुखणंच तसं होतं. पण अण्णांच्या लेखी पनवेल म्हणजे परत न येण्याची जागा. पट्टी चिकटते की नाही एवढ्याशा गोष्टीवर आमच्या घरात आता पनवेल अडकलं होतं.

त्याच सुमारास शिमग्याला लेक घरी आली.

लेक औषधनिर्माणशास्त्राचं पुढचं शिक्षण घेते. तिचा काहीतरी प्रकल्प चालू आहे एवढं मला ठाऊक होतं. कुठला, ते मी नीट विचारलं नव्हतं. दुकानात कुणी चौकशी केली की मी गंभीर चेहरा करून सांगे, "वनस्पतींवर संशोधन आहे. अजून बाहेर बोलायचं नाही." लोकांनी त्याचा अर्थ कॅन्सरपासून टकलापर्यंत हवा तसा लावला होता. दोघांनी तर केस उगवण्याच्या तेलासाठी नंबर लावून ठेवला होता.

लेक अण्णांबरोबर दवाखान्यात आली, पट्टी बदलताना पाहिली आणि घरी येऊन म्हणाली, "बाबा, मी हेच करतेय."

"काय करतेयस?"

"न चिकटणारी पट्टी. केळीच्या पानाची."

माझा चेहरा पडला असणार. एवढं शिकून केळीचं पान? ते आमच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर माजलंय. बायकोनं माझ्याकडे पाहून हळूच विचारलं, "आता टकलावाल्यांना काय सांगणार?"

लेकीनं समजावून सांगितलं. पानाचा वरचा भाग मेणचट, गुळगुळीत असतो. त्याला ओलं काही धरत नाही. "पानावर आमटी वाढली की पळते ना बाबा, तुम्ही भाताचं आळं करता? तेच." मोठ्या शहरांतल्या भाजलेल्यांच्या वॉर्डांत हे पान वापरतात, तो शोध काही तिचा नव्हता. तिची अडचण पुढची होती. वाफेवर निर्जंतुक केलं की पान तपकिरी होतं, कोपऱ्यांना तडकतं आणि पाकिटात फार टिकत नाही. आमच्या तालुक्यातल्यासारख्या छोट्या दवाखान्याच्या कपाटात महिना-दोन महिने राहील, काढली की लावता येईल, अशी पट्टी तिला करायची होती.

डॉक्टरीणबाईंना कल्पना आवडली. लेकीच्या कॉलेजच्या बाईंशी त्यांचं फोनवर बोलणं झालं. जखमेत जंतू वाढलेले नाहीत हे तपासून झालं. दवाखान्यातला निर्जंतुक करायचा मोठा कुकर वापरायची परवानगी मिळाली. सगळ्यांचं सगळं ठरलं आणि मग आम्ही पाय ज्यांचा होता त्यांना विचारायला गेलो.

अण्णा पडवीत बसले होते, पाय स्टुलावर. लेकीनं सगळं नीट सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकलं.

"पान," ते म्हणाले. "केळीचं."

"हो आजोबा."

"पायाला."

"हो."

"न्हाय."

अण्णांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. गावच्या सप्त्याला शेवटच्या दिवशी महाप्रसादाची पंगत बसते, आणि त्या पंगतीची पानं माझ्या आठवणीपासून अण्णा मांडतात. पानाचं निमुळतं टोक, त्याला आम्ही अग्र म्हणतो, ते जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला यायला हवं. एखाद्यानं उलटं मांडलं तर अण्णा पंगत थांबवतात. मांडलेलं पान कुणी ओलांडलं तर ते पान बदलतात. मी लहानपणी एकदा घाईत पानावरून उडी मारली होती, तर मला पंगतीत जागा मिळाली नाही. मागे आचाऱ्याजवळ उभ्यानं जेवलो.

"बाय माझे," अण्णा नातीला म्हणाले, आवाज अजिबात न चढवता, "पानाला चुकून पाय लागला तर आपण हात लावून पाया पडतो. आन् तू तेच पान पायाला बांधाय निघालीस? ज्याच्यावर माणूस जेवतो, देव जेवतो?"

"पण आजोबा, ते औषध म्हणून..."

"पनवेलला जाईन. पान न्हाय."

पनवेलला जाईन असं ते म्हणाले, तेव्हा मला गोष्टीचं गांभीर्य कळलं.

स्वयंपाकघरात मी माझी योजना मांडली. "त्यांना सांगायचंच कशाला? वाफवल्यावर पान तपकिरी होतं ना? म्हणायचं, मुंबईहून नवीन कापड आलंय."

"नाही," लेक म्हणाली.

"अगं त्यांच्याच भल्यासाठी."

"बाबा, मला हीच पट्टी उद्या परक्या लोकांना लावायचीय. सुरुवात आजोबांना फसवून करू?"

"ह्यांना सवयच आहे," बायको पोळी उलटत म्हणाली. "दुकानात काहीही उचलून ओरिजिनल म्हणून देतात."

हे खोटं आहे. पण त्या क्षणी वाद घालण्यासारखी माझी परिस्थिती नव्हती.

लेकीनं तरी पट्ट्या करायचं ठरवलं. तिच्या प्रकल्पासाठी त्या लागणारच होत्या, आणि आजोबांचं मन वळलं तर तयार असाव्यात. परसात गेलो. मी सर्वांत मोठं, झेंड्यासारखं फडफडणारं पान कापून आणलं. ते तिनं बाजूला ठेवलं, जून झालंय म्हणाली. तिला न फाटलेलं, डाग नसलेलं, कोवळं पण अगदी सुरळी नसलेलं पान हवं होतं. तिनं स्वतः निवडलं. मग टोक कापायचं, मधला दांडा काढायचा, उरलेल्या पात्याचे चौकोन करायचे, धुवायचे, पुसायचे, मैद्याच्या खळीनं पातळ कापडावर चिकटवायचे, पाकिटात घालून कुकरमध्ये वाफ द्यायची. कापड खाली, पान वर, पानाचा गुळगुळीत भाग जखमेकडे.

पुसायचं काम माझ्याकडे आलं. लेकीला कॉलेजचा फोन आला म्हणून ती अंगणात गेली, आणि मी आणि पानं मागे राहिलो.

आता आमच्याकडे केळीचं पान विस्तवाजवळ जाणार असेल तर त्याचं एकच काम असतं. पानगी. तांदळाच्या पिठाची पानगी थापायच्या आधी पानाला तेलाचं बोट फिरवतात, नाहीतर पान तडकतं आणि पानगी चिकटते. माझी आई फिरवायची, बायको फिरवते. लेकीची अडचण काय? पान तडकतं. पट्टीची अडचण काय? चिकटते. मला वाटलं, इतक्या शिकलेल्या माणसांना हे कसं सुचलं नाही. फळीवरची खोबरेलाची बाटली काढली आणि प्रत्येक चौकोनाला खालून-वरून छान बोट फिरवलं. पानं अशी चकाकायला लागली की बघत राहावं.

लेक परत आली. "वा, काय स्वच्छ पुसलीयत!"

बाटली मी पाठीमागे सरकवली. पट्टी यशस्वी झाली की मग सांगू, असा विचार होता. सत्काराच्या वेळी वगैरे.

खळ लावताना चौकोन कापडावरून सरकत होते. लेकीला वाटलं खळ पातळ झाली. तिनं आणखी मैदा घातला. मी ढवळून दिला.

पाकिटं दवाखान्यात गेली, वाफ झाली, बंदच कपाटात राहिली. मग पट्टी बदलायचा दिवस आला. त्या दिवशी पट्टी नेहमीपेक्षा जास्त चिकटली होती. उन्हाळा सुरू झाला होता, सगळं सुकून कडक झालेलं. डॉक्टरीणबाई पाणी सोडत होत्या, थांबत होत्या, पुन्हा सोडत होत्या. माझं मनगट अण्णांच्या हातात. तीन बाजू सुटल्या, चौथी सुटेना. अण्णांचे डोळे मिटलेले, कपाळावर घाम. त्यांच्या तोंडून एक बारीकसा आवाज आला. मी तो आधी कधी ऐकला नव्हता. आई गेली तेव्हाही नाही.

"थांबा," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाई थांबल्या.

"बाय."

लेक पुढे आली. "काय आजोबा?"

"तुझ्या त्या पानाला अग्र हाय का?"

"नाही. टोक कापूनच टाकतो."

"आन् दांडा?"

"तोही काढतो. नुसते मधले तुकडे. चौकोनी."

अण्णांनी डोळे न उघडताच मान हलवली. पंगतीत एखाद्याच्या पानाची शहानिशा करताना हलवतात तशी.

"अग्र न्हाय, दांडा न्हाय," ते म्हणाले. "मग त्याला पान कशाला म्हणायचं? ते नैवेद्याला चालत न्हाय, पंगतीला चालत न्हाय. तो तुकडा. तुकड्यात तर मासळी बांधतात."

"आमच्याकडे तर सर्रास बांधतात काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुणाची परवानगी नाही घेत."

"मग लावा."

नियम खरा आहे. टोक तुटलेलं पान अण्णा पंगतीत घेत नाहीत, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. तो त्यांना पडवीत का आठवला नाही आणि चौथ्या बाजूला का आठवला, हे मी विचारलं नाही. दुखणं असं असलं की माणसाला शास्त्रातली नेमकी ओळ सापडते. सापडली तर सापडू द्यावी.

राहिलेला कोपरा निघाला. जखम पुन्हा ओली झाली. डॉक्टरीणबाईंनी साफ केली, हातमोजे बदलले आणि लेकीनं जपून ठेवलेलं पाकीट कापलं.

आतून कापड निघालं. नुसतं कापड. पाठोपाठ पानाचा चौकोन घसरत आला आणि ट्रेमध्ये पडला. दुसरं पाकीट कापलं, तेच. मैद्याचा गोळा एका कोपऱ्यात आणि पान मोकळं. खोलीत एक ओळखीचा वास पसरला. डॉक्टरीणबाईंनी पाकीट नाकाशी नेलं. मग लेकीनं नेलं. मग दोघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

"बाबा?"

"थोडंसंच लावलं होतं," मी म्हणालो. "तडकू नये म्हणून."

 डॉक्टरीणबाईंनी कपाटातून नेहमीची पट्टी काढली. पाय पुढे करून, तयार होऊन बसलेल्या माझ्या वडिलांना त्या दिवशी पुन्हा तीच चिकटणारी पट्टी बांधली गेली. माझ्या कोकणी शहाणपणामुळे. लेक भिंतीकडे तोंड करून उभी होती. ती रडत होती की संतापली होती ते मी पाहायला गेलो नाही. दोन्हीत फायदा नव्हता.

परतताना रिक्षा केली होती. गाडीवर बसवायचं धाडस आता कुणात नव्हतं.  गावाचा फाटा आला तेव्हा अण्णांनी समोर बघतच विचारलं,

"पानगी करत व्हतास?"

लेक फुटली. हसता हसता तिचा श्वास अडकला, रिक्षावाल्यानं मागे वळून पाहिलं. मग अण्णाही हसले, पाय दुखतोय म्हणून जपून, आणि शेवटी मला परवानगी मिळाल्यासारखं वाटून मीही हसलो. घरी पोचेपर्यंत गावात तिघांना ही गोष्ट कळली होती. रिक्षावाला आमच्याच वाडीतला.

दुसऱ्या दिवशी परसात अण्णांची खुर्ची ठेवली गेली. त्यांनी पहिली आज्ञा सोडली ती सूनबाईला. "तेलाची बाटली आत ने. आन् ह्यालाबी."

मला आत नेण्यात आलं नाही, पण उंबऱ्यापाशी बसवण्यात आलं. तिथून सगळं दिसत होतं. लेक पान कापून आणायची, अण्णा हातात घेऊन उजेडाकडे धरून बघायचे. तिला हवं तसं, डाग नसलेलं, न फाटलेलं पान निघालं की अण्णांच्या जिवावर यायचं, कारण असंच पान पंगतीलाही लागतं. एकदा तर दोघं एकाच पानावर अडली.

"हे राहू दे, देवाला हाय."

"आजोबा, मलापण असंच लागतं."

"तुझं काय, तू तुकडं करणार."

शेवटी पान तिला मिळालं. टोकं मात्र अण्णांनी कापल्या कापल्या स्वतःकडे मागून घेतली, मांडीवर जमवली आणि शेजारच्या गाईपुढे टाकायला लावली. टोक गाईला, तुकडा पायाला, अशी त्यांची वाटणी. मग काळजी नाही.

खळीत या वेळी मैदा मापात होता. चौकोन कापडाला धरून बसले. वाफ झाली, पाकीट उघडलं, तर पट्टी अखंड. तपकिरी झालेली, एका कोपऱ्याला बारीकशी चीर. लेकीनं चीर असलेला कोपरा कापून टाकला. डॉक्टरीणबाईंनी पट्टी जखमेवर ठेवली, वर कापूस, वर बांधणी. लावताना काही दुखायचं नव्हतंच. खरी परीक्षा काढताना होती, आणि त्याला अवकाश होता.

घरी आल्यावर अण्णा पडवीत बसले, पाय स्टुलावर. थोड्या वेळानं आतून हाक मारली.

"सूनबाय, काय भाजतेस?"

"काही नाही अण्णा. भात लावलाय."

"वास येतोय."

तिनं मला पाहायला पाठवलं. मी गेलो, वास घेतला, आणि मग वास कुठून येतोय ते शोधत शोधत खाली वाकलो. पायाला येत होता. वाफवलेल्या केळीच्या पानाचा. माझ्या तेलाचा यात काही संबंध नव्हता, हे मी ताबडतोब सगळ्यांना स्पष्ट केलं.

संध्याकाळी बायकोनं पानग्या केल्या. अण्णांनी दोन खाल्ल्या. पनवेलचं नाव निघाल्यापासून ते असे मागून जेवले नव्हते.

पट्टी काढायच्या दिवशी आम्ही सगळेच गेलो, बायकोसुद्धा. दवाखान्यात इतकी माणसं पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बारसं आहे का?" अण्णा टेबलावर बसले. मी न सांगता मनगट पुढे केलं. त्यांनी धरलं, डोळे मिटले आणि दात आवळले.

कापूस निघाला. डॉक्टरीणबाईंनी चिमट्यानं पानाचा एक कोपरा उचलला. पाण्याची बाटली त्यांनी जवळ ठेवली होती, ती उचलायची वेळ आली नाही. पंगत उठल्यावर पान उचलावं तशी पट्टी सबंध उचलली गेली आणि ट्रेमध्ये गेली. खाली जखम होती, तीच, पण कडेनं गुलाबी पातळ कातडी धरलेली, आणि ती जागच्या जागी.

माझं मनगट अजून आवळलेलंच.

"काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"काढा, काढा," अण्णा म्हणाले. "मी तयार हाय."

"काढली."

अण्णांनी एक डोळा उघडला. पायाकडे पाहिलं, ट्रेकडे पाहिलं. मग पुन्हा पायाकडे. "कधी?"

बायकोनं पदर डोळ्यांना लावला. मी लेकीकडे पाहिलं, तर ती आजोबांकडे बघतच नव्हती. ट्रेवर वाकून चिमट्यानं पट्टी उलटसुलट करत होती.

"इथे पण तडकतेय," ती म्हणाली. "दांड्याकडच्या बाजूला. आणि पाकीट जास्त दिवस ठेवलं असतं तर काय झालं असतं ते माहीत नाही."

"अगं, आजोबांचा पाय बघ ना आधी," मी म्हणालो. "जमलं तुझं! उद्या दुकानात सगळ्यांना सांगतो."

"काही सांगू नका," ती म्हणाली. "एक आजोबा म्हणजे पुरावा नाही, बाबा."

हे वाक्य मला फार आवडलं. दुकानात मी ते सांगितलंच. टकलावाल्यांचा मात्र हिरमोड झाला.

पुढे पट्ट्या बदलत राहिल्या, जखम कडेकडेनं आत सरकत गेली, आणि डॉक्टरीणबाईंच्या बोलण्यात पनवेल यायचं बंद झालं. पान नसतं तर काय झालं असतं, कुणास ठाऊक. लेक म्हणते, साखर आटोक्यात आली त्याचाही वाटा असेल. अण्णांचं मत विचाराल तर, मारुतीचा. माझ्या गाडीला आता जाळी आहे. बायकोनं दुकानात येऊन, गिऱ्हाइकासारखी उभी राहून, माझं पूर्ण भाषण ऐकून घेऊन ती विकत घेतली.

चैत्रात सप्ता झाला. शेवटच्या दिवशी पंगतीच्या वेळी अण्णा खुर्चीवर बसून होते. घोट्याच्या वर छोटीशी पट्टी अजून होती, पण काठी घेऊन ते रांगांमधून एक फेरी मारून आले आणि दोन पानं फिरवून घेतली. मी पाणी वाढत होतो. पंगती उठल्या तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. खुर्चीशेजारी पानांची एक चळत होती. टोक तुटलेली, पंगतीतून बाजूला काढलेली, सुतळीनं बांधलेली.

"ही बायला पाठव," ते म्हणाले. "अग्र नसलेली हायेत. तिला चालतील."

मी लेकीला फोन केला. ती आधी हसली. मग म्हणाली, "बाबा, अहो, इतक्या हातांतून गेलेली, फाटलेली, उन्हात पडलेली. नाही चालणार. आणि इथपर्यंत येईस्तोवर सुकतील. पण आजोबांना असं सांगू नका."

मी सांगितलं नाही. चळत गाडीला बांधली, देवळामागच्या वळणावर नेली, आणि तिथे शेजाऱ्यांची म्हैस उभी होती. परत आलो तेव्हा अण्णा तसेच बसले होते, पाय सरळ पुढे केलेला.

"पाठवली?"

"हो अण्णा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"म्हशीनं सगळी खाल्ली का सुतळी ठेवली?"